सूत्रधार, मळसूत्र आणि सतरा बिंदू

'सुतार' हा शब्द संस्कृत 'सूत्रधार' या शब्दावरून आला, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. मात्र हे ठाऊक असूनही आपण तो शब्द ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे नाटकाच्या आरंभी येणारा, नटीशी दोन वाक्ये बोलून प्रयोग सुरू करून देणारा सूत्रधार उभा राहतो. गेरूत भिजवलेला दोरा ओंडक्यावर ताणून, टिचकी मारून सरळ रेघ उमटवणारा माणूस उभा राहत नाही. दोरा धरणारा तो सूत्रधार, हा या शब्दाचा उघड अर्थ. मोजायचे कसे, कापायचे कुठे, याचा निर्णय ज्याच्या हाती, त्याच्या हाती सूत. 'सूत' हे आजही सुतारकामातले माप आहे. इंचाचे आठ भाग केले की एका भागाला एक सूत म्हणतात, आणि मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी 'दोन सूत कमी घे' हे वाक्य कोणत्याही सुतारखान्यात ऐकू येते.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता या साऱ्यापासून दूरचा आहे. घरच्या घरी, कमी खर्चात उभारलेला सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांबरहुकूम लाकूड कोरणारे यंत्र. गेल्या वीसेक वर्षांत जगभर हौशी मंडळींनी, शिक्षकांनी आणि लहान कारखानदारांनी अशी यंत्रे स्वतः जुळवली. साहित्याच्या वाचकाला त्यात काय रस, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. रस असा, की या यंत्राचा इतिहास म्हणजे 'सूत कोणाच्या हाती' या प्रश्नाचाच इतिहास आहे. तो सुरू होतो लाकडापासून, लष्करी पैशाच्या आश्रयाने लोखंडात आणि ॲल्युमिनियममध्ये शिरतो, आणि अर्धशतकाने पुन्हा लाकडाकडे परततो. परतताना त्याने काय आणले आणि काय वाटेत टाकले, एवढेच पाहायचे आहे.

पाहण्याचे ठिकाण म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या वणीकडून निघू. इतिहासाच्या अभ्यासकाला वणी म्हटले की १६७० सालची वणी-दिंडोरीची लढाई आठवते, भाविकाला सप्तशृंगीचा गड. दिंडोरी तालुक्यातले हे बाजाराचे गाव. एका बाजूला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या बाजूला सुरगाणा-पेठकडचा डोंगराळ आदिवासी मुलूख. या मुलखाला लाकूडकामाच्या दोन परंपरा आहेत आणि त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

पहिली गावगाड्यातल्या सुताराची. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गांव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत सुतार कसा आणि का बसतो हे समजून घ्यायला आजही ते पुस्तक उघडावे लागते. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके, घराची तुळई, दाराची चौकट ही सारी सुताराची कामे, आणि मोबदला खळ्यावर, धान्याच्या रूपात. या सुताराबद्दल एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही. तो आपली हत्यारे बहुतांशी स्वतः बनवत असे. रंध्याचे पाते लोहाराचे, पण रंध्याचे लाकडी घर त्याचे. करवतीचे पान विकत, पण तिची चौकट घरची. पटाशीची मूठ, मोगरी, गुण्या, खतावणी हे सारे हाताच्या मापाने, स्वतःच्या सवयीप्रमाणे घडवलेले. कातारी ज्या कातावर पाळणे आणि खेळणी कातत असे तो कातही दोन खुंट, एक अणी आणि दोरी इतकाच; दोरी एकाने ओढायची, हत्यार दुसऱ्याने धरायचे. हत्यार बनवणारा आणि वापरणारा यांत फारकत नव्हती. 'घरी बनवलेले यंत्र' हा शब्दप्रयोग या माणसाला निरर्थक वाटला असता, कारण त्याच्याकडे दुसऱ्या प्रकारचे यंत्रच नव्हते.

दुसरी परंपरा बोहाड्याच्या मुखवट्यांची. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरीच्या डोंगरपट्ट्यात आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात, शेतीची कामे थांबलेल्या दिवसांत बोहाडा रंगतो. संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर एकामागून एक देवदेवता, राक्षस, रामायण-महाभारतातली पात्रे मुखवटे घालून अवतरतात. मुखवटे हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. लाकडी मुखवटा कोरताना समोर आराखडा नसतो. फार तर मागच्या पिढीचा, अनेकदा रंगवलेला जुना मुखवटा शेजारी ठेवलेला असतो. त्याचे नाक, गाल, भुवयांची कड पाहून नवा कोरायचा. जुन्याची नक्कल म्हणून हे काम सुरू होते आणि नव्या लाकडाची गाठ जिथे येईल तिथे निराळे वळण घेते.

नक्कल करणारे यंत्र पश्चिमेला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच निघाले होते. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डने १८२० च्या सुमारास बंदुकीच्या लाकडी दस्त्यासाठी जो कात बनवला, त्यात नमुन्याच्या दस्त्यावरून एक चाक फिरे आणि त्याच्या हालचालीप्रमाणे शेजारच्या लाकडावर पाते चाले. वेड्यावाकड्या आकाराची वस्तू यंत्राने बनू शकते हे त्याने दाखवले. पण त्याला नमुना लागे, आणि पहिला नमुना कोणीतरी हातानेच कोरलेला असे. मुखवटा कोरणारा आणि ब्लँचर्डचे यंत्र या दोघांच्या दृष्टीने आकार ही एक वस्तू होती. आकार म्हणजे आकड्यांची यादी, ही कल्पना अजून जन्मायची होती.

ती जन्मली १९४० च्या दशकात, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, आणि गंमत अशी की एका बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यात. जॉन पार्सन्स नावाच्या उद्योजकाने सिकोर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरसाठी पात्यांचे भाग बनवायचे कंत्राट घेतले होते. त्या काळी पात्याच्या आत पोलादी नळी आणि तिच्यावर लाकडी फासळ्या असत, वरून आवरण. फासळीचा आकार सिकोर्स्कीकडून येई तो चित्र म्हणून नव्हे, तर सतरा बिंदू म्हणून. या सतरा बिंदूंमधून जाणारी वक्ररेषा पार्सन्सच्या माणसांनी वक्रपट्टी लावून, डोळ्याने जुळवून काढायची, तिच्यावरून लाकडी साचा करायचा आणि त्यात लाकडाच्या पट्ट्या वाकवून बसवायच्या.

या सतरा बिंदूंपाशी थोडे थांबले पाहिजे. बिंदू अभियंत्याचे, पण बिंदूंमधले सारे अंतर कारागिराचे. सतरा ठिकाणी त्याला स्वातंत्र्य नाही, उरलेल्या सगळ्या लांबीवर आहे. कागदावरच्या आकड्याला जे सांगता येत नाही ते डोळा भरून काढतो. कवितेच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही: वृत्ताचे नियम लघुगुरू ठरवून देतात, ओळ त्यांतून जाते, पण ओळ म्हणजे ते नियम नव्हेत.

पुढे एक पाते मोडले. चूक कशात होती याचा शोध घेताना पार्सन्सला पात्याची घडणच नव्याने करावीशी वाटू लागली, आणि फ्रँक स्ट्युलेन हा अभियंता त्याला येऊन मिळाला. स्ट्युलेनने हिशेबाच्या कामासाठी असलेली पंचकार्डांची यंत्रे वक्ररेषेच्या गणिताला जुंपली. आता सतरा नव्हे, दोनशे बिंदू मिळू लागले. साचा करण्याची नवी रीत अशी: मिलिंग यंत्राच्या एका चाकावर एक माणूस, दुसऱ्या चाकावर दुसरा, आणि तिसरा आकड्यांचा तक्ता हातात घेऊन मोठ्याने वाचणारा. तो आकडा उच्चारतो, दोघे चाके फिरवतात, पाते त्या बिंदूवर टेकते, पुढचा आकडा. शेवटी बिंदूंमधले बारीक उंचवटे कानशीने घासून काढायचे. जगातले पहिले संख्यानियंत्रित यंत्र हे असे तीन माणसांचे बनलेले होते, आणि त्यातल्या तिसऱ्याचे काम विंगेत उभ्या राहणाऱ्या प्रॉम्प्टरचे होते. सूत्रधार रंगमंचावरून उतरून विंगेत गेला तो इथे.

पुढची पायरी उघड होती. दोन माणसांच्या जागी दोन मोटारी, वाचणाऱ्याच्या जागी भोके पाडलेली पट्टी. १९४९ साली अमेरिकी हवाई दलाने पार्सन्सला त्यासाठी पैसे दिले. पार्सन्सने यंत्रे नियंत्रित करण्याच्या तंत्रात मुरलेल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेची मदत घेतली. आणि थोड्याच काळात एमआयटीने काम आपल्याकडे ओढून घेतले व पार्सन्स बाजूला पडला. सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीने तीन अक्षांवर चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक केले. यंत्रापेक्षा त्याचे नियंत्रक मोठे. शेकडो निर्वात नळ्या आणि रिले यांनी भरलेली कपाटेच ती. १९५९ साली एमआयटीने या यंत्रांसाठी रचलेल्या 'एपीटी' भाषेची घोषणा करताना पत्रकारांना यंत्रावर कोरलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रे भेट दिली. लढाऊ विमानांसाठी जन्मलेल्या विद्येचे पहिले लोकार्पण रक्षापात्राच्या रूपाने व्हावे, यात त्या काळाचा सारा स्वभाव आला.

याच काळात दुसरा एक मार्ग खुला होता आणि तो सोडून दिला गेला. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस असे यंत्र केले होते, ज्यात कसबी कारागीर पहिली वस्तू हाताने बनवी, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जात, आणि पुढे ती फीत लावून तशीच वस्तू पुन्हा पुन्हा बने. यात सूत कारागिराकडेच राहते, फक्त त्याचा हात जतन होतो. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (१९८४) या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की हा मार्ग मागे पडला तो तांत्रिक उणिवेमुळे नव्हे. कारखान्याच्या मालकांना आणि लष्कराला कारागिराच्या हातातला निर्णय काढून नियोजनाच्या खोलीत न्यायचा होता, म्हणून. नोबलचा युक्तिवाद भक्कम आहे आणि यंत्रांच्या इतिहासाकडे केवळ प्रगतीची कहाणी म्हणून पाहणाऱ्यांनी तो वाचायलाच हवा. तरी मला तो पूर्णपणे पटत नाही. विमानाच्या पंखाचे काही पृष्ठभाग असे होते की ते कोणताही हात मुळात एकदाही बिनचूक कोरू शकला नसता. ज्याची पहिली प्रतच हाताने निघत नाही त्याची फीत कशी करणार? कारणे दोन्ही होती. नोबल त्यांतल्या एकाच कारणाचा इतिहास लिहितो.

वणीकडे परत यायचे तर वाटेत ओझर लागते. वणीपासून दिंडोरीमार्गे तासाभराच्या अंतरावरच्या या गावी १९६४ साली मिग-२१ विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. ज्या उद्योगाच्या गरजेतून संख्यानियंत्रित यंत्रे निघाली तोच उद्योग दिंडोरीच्या सुताराच्या उंबऱ्याशी येऊन बसला. पण उंबरा ओलांडून काही आत आले नाही. ती यंत्रे, ती भाषा, ते नियंत्रक यांची किंमत आणि त्यांभोवतीच्या भिंती दोन्ही उंच होत्या.

भिंती नसलेले यंत्र कसे असावे याचा विचार महाराष्ट्रात त्याआधीच झाला होता, हे इथे नोंदवले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापायचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी सुरुवातीला तो खपेना. लोखंडी नांगर रुळला तेव्हा गावच्या सुताराचे एक मोठे काम गेले, हेही त्याच कथेचे दुसरे पान आहे. उद्योगाच्या गौरवकथांत ते सहसा उलटले जात नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघाले. मराठी मासिकांच्या इतिहासातले एक मोठे नाव यंत्रशाळेच्या अंगणातून निघाले, याचे आपल्या वाङ्मयेतिहासाला अजून पुरेसे नवल वाटलेले नाही.

१९२९ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी पाहण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालले पाहिजे, हाताने किंवा पायाने, बाईला थकवा न येता. ते भारतातच बनले पाहिजे आणि त्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असली पाहिजे. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र परीक्षणासाठी गेले. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण यंत्राची कसोटी त्याच्या वेगाआधी त्याच्या किमतीवर, त्याच्या वजनावर आणि ते दुरुस्त कोण करू शकेल यावर लावायची, हा विचार त्या अटींत स्पष्ट आहे. घरगुती सीएनसी राउटर बनवणारा आजचा तरुण गांधींचे नाव घेईलच असे नाही, परंतु त्याच्या वहीत पहिल्या पानावर याच अटी लिहिलेल्या असतात.

हा धागा पुढे सापडतो तो पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी. डॉ. श्रीनाथ कालबाग (१९२८–२००३) अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवायचे, ही त्यांची पद्धत. वेल्डिंग, सुतारकाम, पाण्याचा शोध, शेती, घरबांधणी हीच पाठ्यपुस्तके. जुन्या जीपचे भाग वापरून शेतकऱ्याला परवडेल असा लहान ट्रॅक्टर तिथे तयार झाला, त्याला 'मेकबुल' म्हणजे यांत्रिक बैल असे नाव पडले. एमआयटीतले नील गर्शेनफेल्ड १९९८ पासून 'जवळजवळ काहीही कसे बनवावे' अशा अर्थाच्या नावाचा एक अभ्यासक्रम शिकवत होते. २००२ साली त्यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब म्हणून तिचा उल्लेख केला जातो. २००५ सालच्या 'फॅब' या पुस्तकात गर्शेनफेल्ड यांनी कालबागांविषयी आदराने लिहिले आहे.

योगायोगाकडे पाहा. ज्या एमआयटीने १९५२ साली कारागिराच्या हातातून चाक काढून घेतले, तिनेच पन्नास वर्षांनी संगणकावर चालणारी छोटी यंत्रे पाबळच्या मुलांपुढे ठेवली. यात पश्चात्ताप नव्हता. मधल्या काळात नियंत्रक स्वस्त झाला होता, एवढेच. पण स्वस्त होणे ही घटना आपोआप घडत नाही. अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेने १९९० च्या दशकात यंत्रनियंत्रणासाठी एक संगणकप्रणाली लिहिली. सरकारी पैशाने लिहिलेली म्हणून ती सर्वांना खुली होती. स्वयंसेवकांनी ती उचलली, वाढवली. तीच आज 'लिनक्स-सीएनसी' या नावाने ओळखली जाते. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी कलाविद्यार्थ्यांसाठी 'अर्डुइनो' ही तळहाताएवढी स्वस्त संगणकपट्टी निघाली. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सरुड या नॉर्वेजियन प्रोग्रामरने त्या पट्टीवर बसेल अशी 'जीआरबीएल' नावाची प्रणाली लिहून विनामूल्य दिली. एमआयटीची कपाटे आता शर्टाच्या खिशात मावू लागली.

आता प्रत्यक्ष यंत्राविषयी. वणीसारख्या गावात ते उभारायचे ठरवले तर लागते काय? सांगाड्याला प्लाय किंवा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, सरकण्यासाठी पोलादी सळया आणि बेअरिंग, अगदीच हात आखडता असेल तर कपाटाच्या खणाला लावतात त्या सरकत्या पट्ट्या, तीन स्टेपर मोटारी, नियंत्रणाची पट्टी, आणि कोरायला सुताराकडे असतोच तो हातातला छोटा ट्रिमर. यंत्रभागांची भंगारबाजाराशी ओळख असली तर खर्च आणखी उतरतो. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखानदारीमुळे ती ओळख या भागात अवघड नाही. एकूण खर्च एका बऱ्या मोटारसायकलच्या किमतीच्या आत सहज राहतो.

मोटारीचे फिरणे सरळ रेषेतल्या सरकण्यात बदलते ते मळसूत्राने. मराठीत स्क्रूला हा जो शब्द आहे त्यातही सूत्र आहेच. स्टेपर मोटार एका फेऱ्यात दोनशे टप्पे घेते. नियंत्रक प्रत्येक टप्प्याचे आठ भाग करू शकतो. म्हणजे फेऱ्याचे सोळाशे भाग. आठ मिलिमीटर जाडीच्या साध्या आटेदार सळईच्या दोन आट्यांमधले अंतर सव्वा मिलिमीटर असते. भागाकार केला तर एका मिलिमीटरचे बाराशे ऐंशी भाग होतात. कागदावर हे इतके सूक्ष्म आहे की दोनशे बिंदूंचे कौतुक बालिश वाटावे.

पण कागदावरच. नट आणि मळसूत्र यांच्यात थोडा खेळ असतोच; दिशा बदलली की मोटार फिरते आणि क्षणभर काहीच सरकत नाही. सळई लांब असेल तर मध्ये लवते. एमडीएफचा सांगाडा पावसाळ्यात ओल पिऊन फुगतो आणि चैत्रात काटकोनात असलेले यंत्र श्रावणात नसते. बाजारातली सळई, नट, बेअरिंग एकमेकांसाठी बनलेली नसतात. घरगुती यंत्र बनवणाऱ्याचा खरा वेळ जातो तो इथे. नटाच्या दोन बाजूंना ताण देऊन तो खेळ काढणे, सांगाड्याला तिरपे आधार देणे, कर्ण मोजून काटकोन साधणे. हे सारे करताना तो जे शिकतो ते सुताराचे जुने शास्त्र आहे, आणि ते आकड्यांत नाही. तयार यंत्र विकत घेणाऱ्याला यातले काही कळावे लागत नाही. म्हणून ते बिघडले की तो हताश होतो. स्वतः बनवलेल्याचा खेळ कुठे आहे हे बनवणाऱ्याला माहीत असते, जसे रंध्याचे घर कुठे किंचित घासले आहे हे सुताराला माहीत असे.

यंत्राला जी भाषा समजते तिला जी-कोड म्हणतात. तिचे व्याकरण कमालीचे उघडे आहे. 'जी०१ एक्स१०० वाय५० एफ६००' या ओळीचा अर्थ: सरळ रेषेत अमुक बिंदूला जा, मिनिटाला सहाशे मिलिमीटर वेगाने. सारी क्रियापदे आज्ञार्थी. भूतकाळ नाही, संकेतार्थ नाही, विशेषण तर नाहीच. आणि लाकूड हा शब्द तिच्यात कुठेच येत नाही. सागवानाची रेषा इथे उलटी फिरते आहे, पुढे गाठ आहे, हे या भाषेत सांगायची सोय नाही. हातात पटाशी असलेला माणूस उलटी रेषा आली की काही न ठरवता दिशा बदलतो. यंत्र त्याच वेगाने, त्याच दिशेने जाते आणि काठाची चकती उडवते. म्हणूनच घराघरांतल्या देव्हाऱ्यांना आणि पार्टिशनना आज ज्या 'सीएनसी जाळ्या' लावलेल्या दिसतात त्या बहुतेक एमडीएफच्या असतात. त्या पदार्थाला रेषा नाही, गाठ नाही, स्वभाव नाही. यंत्राला लाकूड कळेना म्हणून आपण लाकूडच बदलले. या जाळ्या पाहताना चांदवडच्या रंगमहालातले कोरीव लाकूडकाम आठवणे अपरिहार्य आहे, आणि काहीसे अन्यायाचेही. कारण रंगमहालाला होळकरांची दौलत होती, आणि ही जाळी दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाला परवडते.

मग बोहाड्याच्या मुखवट्याचे काय? त्रिमिती छायाचित्रणाने जुना मुखवटा आकड्यांत उतरवता येतो, आणि घरगुती यंत्रावर त्याची प्रत कोरता येते. कीड लागून भुगा होत चाललेल्या मुखवट्यांची नोंद म्हणून असे करणे मोलाचे ठरेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ती ब्लँचर्डची नक्कल असेल. जुन्यावरून नव्याकडे जाताना जे निराळे वळण येत होते ते तिच्यात येणार नाही, मुद्दाम आणायचे ठरवले नाही तर. मुद्दाम आणणाऱ्याला मात्र वाव आहे. यंत्राने ढोबळ आकार काढून द्यावा, लाकडाचा तीन चतुर्थांश भुसा करण्याचे कष्टाचे काम करावे, आणि गाल, भुवया, ओठ पटाशीने हातांनी संपवावेत, अशी विभागणी शक्य आहे. ती पार्सन्सच्या कारखान्यातल्या सतरा बिंदूंच्या दिवसांची आहे: काही ठिकाणे आकड्यांची, मधले अंतर डोळ्याचे. फरक इतकाच, की तिथे बिंदू दुसऱ्याने दिलेले होते. घरच्या यंत्रावर बिंदू किती ठेवायचे आणि कुठे थांबायचे हे यंत्राचा मालकच ठरवतो, आणि मालक, कारागीर व यंत्र बनवणारा हे तिघे एकच असू शकतात. गावगाड्यात ते एकच होते. तिथे परत जावे असे मी म्हणत नाही; त्या गाड्याला जात नावाचे जू होते आणि सुताराचा मुलगा सुतारच व्हायचा. पाबळला जे मूल यंत्र जुळवायला शिकते त्याला त्याचे आडनाव कोणी विचारलेले नसते, हा फरक लहान नव्हे.

यंत्र सुरू करण्यापूर्वी त्याला शून्य दाखवावे लागते, म्हणजे पात्याचे टोक लाकडाच्या पृष्ठभागाला नेमके कुठे टेकते ते सांगावे लागते. वीज मध्येच गेली तर हे शून्य हरवते आणि पुन्हा शोधावे लागते. ग्रामीण भागात वीज जातेच. महागड्या यंत्रांना त्यासाठी संवेदक असतात. घरगुती यंत्रावर रीत साधी आहे. लाकडावर वहीचा कागद ठेवायचा, बंद पात्याचे टोक एकेक टप्पा खाली आणायचे, आणि दुसऱ्या हाताने कागद हलकेच मागेपुढे सरकवत राहायचे. एका क्षणी कागद किंचित अडतो. अडतो, पण फाटत नाही. तिथे शून्य. वापरात बहुधा एक सूत जाडीच्या दांड्याचे पाते असते, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, कागदाची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर, आणि ती अडण्याची जाणीव किती, हे मोजायला यंत्रावर काही बसवलेले नाही.